मावसाजींची मोटार आणि ताईची नोकरी

वर्धा जिल्ह्यात बैलांच्या जिवावर सर्वांत जास्त मोटारप्रवास कुणी केला, अशी चौकशी झाली तर आमच्या मावसाजींच्या जवळपासही कुणी फिरकणार नाही. इंग्रज जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. नागपूरच्या एका बदली झालेल्या इंजिनिअरकडून त्यांनी ती काळी मोटार हौसेनं घेतली आणि सेवाग्रामच्या पलीकडे आमच्या गावी आणली. शेवटचे दोन मैल बैलांनीच आणली. तेव्हापासून मोटारीत पान्यांऐवजी एक जाडजूड दोर आणि अर्धं पोतं सरकी असे. वाटेत ज्याची जोडी मागायची, तिला आधी सरकी खाऊ घालायची, हा त्यांचा शिरस्ता. ही मोटार दिसली की रस्त्यावरचे बैल आपणहून थांबतात, असं मावशी म्हणायची, आणि मला ते खरं वाटतं.

मोटार बिघडली, हे मात्र त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. "दम घेऊन राह्यली थे," एवढंच म्हणत. बॉनेट उघडून, हात पाठीमागे बांधून, आजाऱ्याला बघायला आल्यासारखे आत बघत. बैल जुंपले की स्टिअरिंगवर ताठ बसत, वळणावर हात बाहेर काढून इशारा करत आणि वर भोंगा वाजवत. भोंग्यानं बैल बिचकत, मोटार बाभळीत शिरे, आणि मावसाजी बाभळीतूनच येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम करत.

वडील गेले त्या वर्षी ताईला वर्ध्याच्या एका शाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं. वेळ अकराची. मी अजून कॉलेजात होतो, घरात मिळवतं कुणी नव्हतं. ही नोकरी लागली नाही तर माझं शिक्षण थांबणार होतं. आईनं बैलबंडी सांगून ठेवली होती, पण मावसाजी पहाटेच मोटार पुसून दारात हजर. "काऊन घाबरते पोरी? दहालेच उतरवतो तुले."

ताईच्या सोबतीला मीही मोटारीत बसलो. सेवाग्राम मागे पडलं आणि मोटारीनं दम घेतला. थोड्या वेळानं एक शेतकरी रिकामी बंडी घेऊन आला. बैलांनी सरकी खाल्ली, बंडी रस्त्याकडेला सोडली, दोर बांधला. पण पुढे चढ होता. पन्नास पावलांत बैलांच्या तोंडाला फेस आला. ताई कागदांची पिशवी घट्ट धरून बसली होती. मावसाजींनी आरशातून तिच्याकडे पाहिलं, मग खिशातलं घड्याळ काढलं. साडेदहा.

ते खाली उतरले आणि स्वतःच दोर सोडू लागले.

"बैल बंडीले जुप गा. पोरीले पोचव पह्यले."

"अन् मोटार कोन नेईन, साहेब?" शेतकऱ्यानं विचारलं.

"राहू दे तिले. बिघडली हाय थे."

आम्ही दोघं बंडीत बसलो. बैल पळवले तेव्हा मी मागे वळून पाहिलं. मावसाजी आमच्याकडे पाठ करून, उगाचच मोटारीची काच पुसत उभे होते.

ताईला नोकरी लागली, माझं कॉलेज पुरं झालं. गावात मात्र मावसाजींनी वेगळीच हकीकत सांगितली. मोटार चांगली पळून राह्यलती, पण पोरगी वेगाले घाबरली, अन् उतरून बंडीत जाऊन बसली. लग्नकार्यात, ओसरीवर, दरवर्षी हीच कथा, आणि दरवर्षी मोटारीचा वेग थोडा वाढलेला. मला राग यायचा. ताई मात्र डोक्यावरचा पदर सावरून म्हणायची, "हो, लय घाबरलती मी."

मावसाजींच्या तेरवीला कुणीतरी पुन्हा ती गोष्ट काढली. लोक हसले. आता तरी खरं सांगावं, म्हणून मी तोंड उघडलं, तर ताईनं माझा हात दाबला.

"लय घाबरलती मी," ती म्हणाली, आणि डोळे पुसत आत निघून गेली.