सड्यावरचं सातवं बोअर

मला राग चटकन येतो. आमच्या कामात तो खपून जातो, कारण दिवसभर हातात हातोडा असतो आणि समोर दगड. वरच्या साहेबाने झापलं की मी दोन दगड जास्त फोडायचो आणि संध्याकाळी शहाण्यासारखा जेवायला बसायचो. सरकारच्या खनिज सर्वेक्षणात माझी कितीतरी वर्षं अशी गेली. त्यातल्या मालवणकडच्या एका उन्हाळ्याबद्दल मी आजवर कुणाशी बोललो नाही. आता बोलतो, कारण ज्याला शब्द दिला होता तो माणूस गेल्या श्रावणात गेला. गावाचं नाव मात्र सांगणार नाही.

मालवणहून देवगडकडे जाताना किनाऱ्याच्या अंगाने सडे लागतात. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. उतारावर काजू आणि आंबा, पायथ्याला घरं आणि विहिरी. अशा एका सड्याखाली बॉक्साइट किती आहे ते आम्हाला बघायचं होतं. बोअरची गाडी लावून बारा ठिकाणी भोकं पाडायची, आतून निघणारे दगडाचे लांब गोल तुकडे पेट्यांत ओळीने रचायचे आणि तपासायला पाठवायचे, एवढंच काम.

पण खनिजाचा सर्व्हे म्हटलं की तिथली माणसं कोयते काढतात. त्यांचं चुकतं असंही नाही. खाण आली की विहिरींचं काय होतं ते त्यांनी शेजारी पाहिलेलं असतं. म्हणून आमच्या सर्व्हे पार्टीत एक जुनी रीत होती. कुणी विचारलं तर सांगायचं, पाण्याचा सर्व्हे आहे. मला हे माझ्या वरिष्ठांनी शिकवलं, त्यांना त्यांच्या वरिष्ठांनी. पाणी म्हटलं की शहाळी मिळतात, खनिज म्हटलं की धोंडे. बोअरची गाडी पाण्यालाही लागतेच, त्यामुळे आमचं खोटं चांगलं अंगावर बसायचं.

गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान एका म्हाताऱ्याकडे होता. सत्तरी ओलांडलेला, बायको वारलेली, मूलबाळ नाही. त्याच्याच खळ्याला, म्हणजे अंगणाला लागून, पलीकडच्या खोल्यांत त्याचा पुतण्या बायकोसह राहायचा. सड्याला राखणदार आहे, म्हणजे जागा राखणारा देव, आणि त्याला सांगितल्याशिवाय तिथे कुणी कुदळसुद्धा मारत नाही. गाडी वर चढवायच्या दिवशी म्हाताऱ्याने राखणदाराच्या दगडापुढे नारळ ठेवला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हटलं, “बा देवा म्हाराजा, ही सरकारची माणसा तुझ्या सड्यार पाणी सोधूक इली हत. तेंच्या वतीन मी सांगतंय. तेंका यश दी म्हाराजा.”

मागे उभा असलेला गाव म्हणाला, “व्हय म्हाराजा.” त्यांच्याबरोबर मीही म्हणालो.

पहिले आठ दिवस तो मला साहेबानू म्हणायचा, मग एकेरीवर आला. मी त्याला काका म्हणू लागलो. मी घाटावरचा, मला मासे खाता येत नाहीत, म्हणून तो ताटातले काटे काढून द्यायचा आणि हसायचा. त्याने मला सगळे झरे दाखवले. मी त्याला समजावलं की पावसाचं पाणी जांभ्याच्या भोकाभोकांत मुरतं, खालच्या चिकणमातीवर साचतं आणि पायथ्याला झरा होऊन निघतं. सड्याची टोपी काढली तर झरेही गेले. खोट्याला चव यावी म्हणून मी हे सांगितलं, पण ते अक्षर न अक्षर खरं होतं. त्याने ते घरोघरी जाऊन सांगितलं.

एका बाईने मला अडवून विचारलं होतं, पाणी शोधता तर दगड कशाला नेता? मी म्हणालो, दगडावरून पाणी कळतं. म्हातारा तिच्यावर खेकसला, सरकारी माणसाला शिकवायला जाऊ नको म्हणून. ती निघून गेली, पण तिला पटलं नव्हतं.

सातव्या बोअरला पाणी लागलं.

मे महिना होता. पायथ्याच्या विहिरींचा तळ दिसत होता, बायका दोन-दोन हंडे घेऊन लांबच्या झऱ्यावर जात होत्या. गाव सड्यावर आला. जो तो भोकात खडा टाकायचा, डुबुक आवाज ऐकायचा आणि दुसऱ्याला जागा द्यायचा. कुणीतरी साखर वाटली. म्हातारा राखणदाराच्या दगडापुढे जाऊन लहान मुलासारखा रडला.

आमचा नियम असा, की काम संपलेलं प्रत्येक भोक सिमेंटने बुजवायचं, वर नंबर लिहायचा आणि मग गाडी पुढे न्यायची. बोअरच्या गाडीचा ड्रायव्हर मला म्हणाला, साहेब, हे एक राहू द्या, आत पाइप घालू, वर फोन करून विचारा. एका फोनचं काम होतं. पण त्या सकाळी उशिरावरून मला भरपूर बोलणी बसली होती आणि माझं डोकं तापलेलं होतं. परत फोन करून अजून शिव्या खाणार कोण? नियम म्हणजे नियम, असं म्हणून मी स्वतः घमेलं उचललं आणि सिमेंट ओतलं. डुबुक आवाज येणाऱ्या पाण्यावर मी सिमेंट ओतत होतो आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

त्याचा कुणीतरी व्हिडिओ काढला. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो गेला. मुंबईतल्या एकाने माझ्या मागे दिसणाऱ्या पेटीवरची अक्षरं मोठी करून वाचली आणि बॉक्साइट म्हणजे काय ते सगळ्यांना लिहून कळवलं.

त्याच दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला माणसं वर आली. कुणी ओरडत नव्हतं, त्यामुळे मला आधी कळलंच नाही. पहिला धोंडा गाडीच्या काचेवर बसला, दुसरा ड्रायव्हरच्या कानामागे. तो जागेवरच कोसळला. मग त्यांनी पेट्या उलथ्या केल्या आणि आम्ही काढलेले दगडच आम्हाला हाणायला घेतले. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, तो माझ्या कपाळी खरोखरच बसला आणि डोळ्यांत रक्त उतरलं. डाव्या मनगटावर काठी आली, मनगट मोडलं. उजव्या हातात हातोडा होता. तो मी फिरवला. एकाच्या खांद्यात बसला, हाड मोडल्याचं माझ्या हाताला कळलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला बरं वाटलं. दुसरा मिळाला असता तर त्यालाही हाणला असता.

मग तिघांनी मला पाडून हातपाय दाबून धरले. चौथा म्हाताऱ्याचा पुतण्या. त्याने कोयता माझ्या मानेला लावला. जांभा पाठीत रुतत होता आणि कोयत्याची धार थंड होती. तेवढ्यात म्हातारा धापा टाकत आला आणि माझ्या अंगावर आडवा पडला. मारू नका, ही पाण्याचीच माणसं आहेत, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. त्याचा अजूनही माझ्यावर विश्वास होता.

पुतण्याने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याने मला विचारलं, “काकाक ठावक होता?”

मी शुद्ध मराठीत, कचेरीत बोलतो तसं म्हणालो, “त्यांना सगळं माहीत होतं. पाण्याचा सर्व्हे म्हणून सांगा, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं.”

कोयता मानेवरून निघाला. मला धरणारी माणसं उठली. पुतण्याने म्हाताऱ्याला बखोटीला धरून उभं केलं आणि कोयत्याची पाठ त्याच्या तोंडावर मारली. पहिला वार त्याचा. म्हातारा त्याच्याकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. मग बाकीचे धावले. देवासमोर खोटं बोललास, असं म्हणत ते त्याला मारत होते, आणि त्यांत साखर वाटणारा होता, हंडे वाहणाऱ्या बायका होत्या. मी ड्रायव्हरला एका हाताने ओढत आमच्या जीपमध्ये घातलं. मोडलेल्या मनगटाने जीप कशी चालवली ते आठवत नाही. आरशात मागे वर-खाली होणारे हात दिसत होते, तेवढं आठवतं.

इस्पितळात पोलीस जबाब घ्यायला आले. मी अनोळखी जमाव म्हणून सांगितलं. पाण्याच्या थापेचा उल्लेख केला असता तर चौकशी लागली असती, म्हणून मूग गिळून बसलो. ड्रायव्हर वाचला. म्हाताऱ्याचा एक डोळा गेला. खनिज हलक्या प्रतीचं निघालं, खाण काही आली नाही.

तीन वर्षं मला नीट झोप नव्हती. बायको विचारायची, मी तिच्यावरच ओरडायचो. चौथ्या वर्षी मी रजा टाकून एकटाच त्या गावी गेलो. म्हातारा खळ्यात बसला होता. एका डोळ्याने त्याने मला ओळखलं आणि बस म्हणाला. पुतण्या माझ्यासाठी शहाळं काढायला मागे गेला. मी म्हाताऱ्याच्या पायाला हात लावला, रडलो, आणि म्हणालो की आज संध्याकाळी गावाला देवळात बोलवा, मी सगळ्यांसमोर खरं सांगतो. मला मारलं तर मारू दे.

पुतण्या गेला होता तिकडे त्याने एकदा पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, “सांगू नको. गाऱ्हाण्याचो मान आता पुतण्याकडे आसा. रोज तोच माझो हात धरून माका न्हाणयेत नेता. खोट्या माणसाक मारलंय, म्हणान तेका झोप लागता. खऱ्याक मारलंय ह्या कळला तर तो जगाचो नाय.”

मी म्हणालो, काका, मग मी काय करू?

“तू गप रव,” तो म्हणाला. “माझ्यावांगडा तूय गप रव.”

त्याच्याबरोबर गप्प राहायचा मी शब्द दिला. शहाळं प्यायलो. निघताना पुतण्या गाडीपर्यंत सोडायला आला. दार लावायच्या आधी त्याने हात जोडले. “साहेबानू, त्या दिसा तुमका खूप लागला. माफ करा. तुमची काय चूक? आमचोच माणूस खोटो निघालो.”

खळ्यातून म्हाताऱ्याच्या खोकण्याचा आवाज येत होता.

मी म्हणालो, “असू दे.” आणि त्याला माफ केलं.