तिकोनी दगड आणि साखळीमामा

साखळीमामा अंतर कधीच किलोमीटरमध्ये सांगत नसत. "आपल्या चाळीपासून स्टेशन? नऊशे बारा पावलं. पावसाळ्यात नऊशे चाळीस, डबकी चुकवावी लागतात." अंबरनाथ पश्चिमेच्या त्या रस्त्यावर कुणी मध्येच हाक मारली, तर ते भडकत. बोललं की आकडा चुकायचा आणि मामा पुन्हा चाळीपासून सुरुवात करायचे.

मोजणी खात्यात ते जमीन मोजायची साखळी ओढत, म्हणून साखळीमामा. महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा जिथे भेटतात, तिथला तिकोनी दगड आपण विशीत असताना एकट्याने डोक्यावरून डोंगरावर नेला, हा त्यांचा आयुष्यभराचा अभिमान. "साहेब खाली तंबूत चहा पीत होते!" आम्ही पोरं विचारायचो, "मामा, वजन किती पावलं होतं?" मामीही आमच्यातच. "ह्यांना दळणाचा डबा उचलवत नाही," म्हणायच्या.

हे त्यांना फार लागायचं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस रिटायर होताच ते मला म्हणाले, "भाच्या, तू चल. डोळ्यांनी बघ आणि चाळीत साक्ष दे." दगडाच्या तळाशी त्यांनी छिन्नीने साखळीची एक कडी कोरली होती, तोच पुरावा. प्रवासासाठी उल्हासनगरहून 'इंपोर्टेड' बूट घेतले. पहिल्याच चढावर दोन्ही तळ सुटले आणि मामा अनवाणी निघाले.

वर पोचलो तर दगडाला शेंदूर, चांदीचे डोळे, हिरवा खण! तीनपैकी एकाही राज्याचं नाव दिसेना. मामा पक्के बौद्ध. "दगड पुजायचा नसतो, मोजायचा असतो," असं नेहमी सांगणारे. ते चिडून तळाचा शेंदूर खरवडायला बसले, तेवढ्यात एक म्हातारी ओरडत आली.

"अवो, देवीला हात लावू नगासा! आदी पायातलं काडा!"

मामांनी उघडे पाय दाखवले. "बाई, ही देवी नाही, सरकारी दगड आहे. मी आणलाय."

"तुमी? देवीला एका काळ्याभोर पोरानं डोक्यावरनं आणली. एकटाच! पायातनं रगात येत हुतं. देवी ठिवली आन् गायब झाला. देवाचा दूत हुता त्यो."

मी मामांकडे बघतच राहिलो. मामा डोकं खाजवत म्हणाले, "गायब कसला? शेवटची एसटी गाठायची होती."

मला हसू आवरेना. म्हातारी मात्र रंगात आली होती. "माज्या सासूनं त्याला पाणी पाजलं. त्येचंच पुण्य आमच्या घराला."

मामांचा चेहरा उतरला. "नाही पाजलं, बाई. तांब्या आणला होता त्यांनी. मग जात विचारली आणि तसाच परत नेला. मी खाली ओढ्यावर जाऊन प्यालो."

म्हातारी वळली आणि खाली वस्तीकडे गेली. मला वाटलं, आता ही माणसं घेऊन येणार आणि आमची धडगत नाही. ती परत आली ती एकटीच, हातात भरलेला तांब्या घेऊन. दोन्ही हातांनी तिने तो मामांपुढे धरला. मामांनी सगळा संपवला.

"आनी आनू?" तिने विचारलं.

"आणा," मामा म्हणाले.

शेंदूर त्यांनी पुन्हा खरवडला नाही. कोरलेली कडी न बघताच चाळीत मी साक्ष दिली. पुढे कितीतरी वर्षं मामा आपण देवदूत झाल्याची गोष्ट स्वतःच हसत, रंगवून सांगत. पाण्यापाशी आले की मात्र गोष्ट संपायची. एकदा मी पुढचं सांगायला गेलो, तर म्हणाले, "ते राहू दे. म्हातारीला कशाला नाव ठेवायचं?"

आता मामाही नाहीत, म्हणून सांगितलं. तो दुसरा तांब्या त्यांनी प्यायला नाही. माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "पी. चाखून बघ."