खालच्या काकांचा कारल्याचा वेल

स्वारगेटला बसमधून उतरताना माझा पाय मोडला, तेव्हापासून खालच्या मजल्यावरचे काका मला रोज आधार देऊन जिना उतरवतात. तरीही मला त्यांचा संशय येतो. ते घरमालकाचे जुने मित्र आणि मी भाडेकरूंची पत्रकं लिहिणारा.

वाऱ्याने पिचलेला आपला कारल्याचा वेल त्यांनी माझ्या खिडकीच्या गजाला सुतळीने बांधला, तेव्हा मी हटकलं, "विचारायचं तरी!"

"अहो, सावरेपर्यंत राहू द्या. वेल विचारतो का, गज कुठल्या पक्षाचा?"

भाडेवाढीच्या सभेलाही त्यांनीच मला नेलं, खुर्चीत नीट बसवलं, आणि मालकाशेजारी बसून माझ्या ठरावाविरुद्ध हात वर केला.

परतल्यावर जिन्यापाशी त्यांनी खांदा पुढे केला. "आधी जिना चढा. मग माझ्यावर पत्रक काढा."

मी खांदा धरला. दुसऱ्या हाताने कठडा मात्र सोडला नाही.