सुमनबायची वाचनयादी

जे छापता येत नाही, त्याला साहित्य म्हणावे काय? हा प्रश्न मी आपणहून हाती घेतला नाही. सर्वण गावच्या वाटेवरील आमच्या छोट्या वाचनालयाच्या समितीने तो मला कागदावर लिहून दिला आणि पुढच्या बैठकीत लेखी उत्तर मागितले. मी निवृत्त गणितशिक्षक; पडताळा घेतल्याशिवाय उत्तर लिहीत नाही, असा माझा लौकिक. माझ्या उत्तरावर मागच्या खोलीत संगणकांवर होणारे शनिवारचे वाचन चालू राहणार की बंद पडणार, हे ठरणार होते. ते वाचन सुमनबायने सुरू केले होते.

सुमनबाय पूर्वी शिरगावच्या बाजूला एका खाणीच्या कचेरीत टंकलेखिका होती. खाण थांबली, कचेरी मिटली, आणि ती आमच्याकडे ग्रंथपाल म्हणून आली. वयाने माझ्याहून लहान, म्हणून आम्ही तिला एकेरीच हाक मारत असू. तिची एक सवय नवख्याच्या लगेच लक्षात येई. कोणी संगणकासमोर बसले की ती खुर्चीमागे उभी राही आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून घेई. समोरचा माणूस कितीही अडखळो, ती यंत्राला बोट लावत नसे. "हात तुमचो, गोष्ट तुमची," एवढेच म्हणे. कोणी फारच घाबरले तर पुढे जोडी, "भियेवं नाकात, मोडना ते."

छापील पुस्तकाचे फोटो पडद्यावर ठेवले म्हणजे ते इलेक्ट्रॉनिक साहित्य होत नाही, हे मला तिनेच सांगितले. पडद्यावरच जन्मलेले आणि वाचणाऱ्याने काही केल्याशिवाय पुढे न सरकणारे लेखन ते हे. इंटरनेटवर असे पुष्कळ पडलेले असते. त्यातले तिने निवडून एका साध्या पानावर मांडले होते. एक कविता अशी, की वाचता वाचता तिच्या ओळी विरून जात. एक नकाशा असा, की गावावर बोट ठेवले की त्या गावचा एक आवाज बोलू लागे. प्रत्येक दुव्यापुढे सुमनबायची तीनच वाक्ये असत: हे काय आहे, बोट कुठे लावायचे, वेळ किती लागेल. मी एकदा विचारले, "आणि चांगले आहे की नाही, ते?" ती म्हणाली, "मास्तर, सोलकढी वाढपी वाढता. आंबट की बरी, ते जेवपी सांगता."

समितीचे अध्यक्ष पुंडलिकभाऊ यांचे साखळी गावात लोखंडी सामानाचे दुकान. माणूस वाचनालयासाठी राबणारा, पण मताचा पक्का. ते म्हणत, "बाये, ही भुरग्यांची, पोरांची खेळणी. पुस्तकाक पाठपोट आसता, वहीत दाखलअंक आसता. हाका किते आसा?" पुस्तके वाढत होती, कपाटांना जागा नव्हती, आणि त्यांना ती मागची खोली हवी होती. त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते, हे मी येथे नोंदवतो.

आता माझी चूक सांगतो. यादीतील एक मराठी कथा मी तपासणीसाठी निवडली. एक विधवा बाई माहेरच्या बंद घराची किल्ली घेऊन बसथांब्यावर उभी आहे. दर पानाच्या तळाशी दोन वाक्ये आहेत. ज्यावर बोट ठेवाल ती वाट उघडते, दुसरी झाकलेली राहते. मी काय केले, तर एकही वाट न सोडता प्रत्येक पान उघडले, साखळीला जाऊन सगळी पाने छापून आणली, क्रमांक घातले, दोऱ्याने शिवली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. बाई पान नऊवर घर उघडते, पान दहावर भावाच्या हाती किल्ली देते, पान अकरावर पुन्हा थांब्यावरच असते. मी अहवालाचा मसुदा लिहिला: 'सुसंगती नाही. एकाच पात्राला अनेक शेवट आहेत. साहित्य म्हणता येत नाही.'

बैठकीच्या आदल्या दिवशी तो मसुदा आणि शिवलेली पाने मी सुमनबायला दाखवली. न सांगता पाठीमागून निकाल देणे मला बरे वाटेना. तिने पाने चाळली. शिवण उलटसुलट पाहिली. "टाका बरो घातलात," म्हणाली. मग अगदी हळू आवाजात, "मास्तर, देवळात कौल घेतल्यात मा तुमी केन्ना?"

"घेतला आहे. मुलीच्या लग्नाच्या वेळी."

"भटजी देवाच्या आंगाक दोनूय कुशींनी पाकळ्या लायता. उजवी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरे. तुमी किते केलात? सगळ्या पाकळ्या आपल्याच हातान काडून ताटात घातल्यात, आनी म्हणतात, देव बरळता."

तिने संगणकासमोर खुर्ची ओढली. मी बसलो आणि ती कथा प्रथमच नीट वाचली, म्हणजे एकाच वाटेने. तिसऱ्या पानावर शेजारीण विचारते, 'येतेस की परत जातेस?' तेथे मी किती वेळ थांबलो, मला सांगता येणार नाही. छापील कागदावर मी तेथे एक सेकंदही थांबलो नव्हतो. शेवटी मी बाईला परत पाठवले. घरी जाताना रस्ताभर मला चुटपुट लागली, की मी तिला दार तरी उघडू द्यायला हवे होते. कथेतील माणसाविषयी अशी अपराधाची भावना मला पूर्वी कधी झाली नव्हती.

बैठकीत मी उभा राहून सांगितले, की माझी तपासणीची रीतच चुकली, म्हणून अहवाल मागे घेतो. पुंडलिकभाऊ हसून म्हणाले, "मास्तर, तुमकाय ही खेळणी बाधली काय?" सुमनबाय म्हणाली, "भाऊ, धा मिनिटां दियात. मागीर खोली तुमची." तिने भाऊंना एका संगणकासमोर बसवले आणि दुसऱ्यासमोर सावित्रीला. सावित्री सावंतवाडीकडची, नवरा ट्रकवर, ती स्वतः काजूच्या बागायतीत कामाला. शनिवारच्या वाचनाला नेमाने येणारी; त्या दिवशी सुमनबायनेच तिला बोलावून घेतले होते. दोघांनी तीच कथा आपापली वाचली.

भाऊंनी चष्मा काढला. "बरी आसा," म्हणाले. "घर उघडता ती. धूळ झाडता. बापायची खुर्ची भायर काडून बसता."

"खंय उघडता?" सावित्री म्हणाली. "किल्ली भावाक दिल्यान नि येश्टीत बसान गेली. बरा केल्यान."

"भावाक? त्या भावान इतकी वर्सां विचारूंक ना, ताका किल्ली?"

"मगे तिणा एकट्यान त्या घरात बसान काय करूचा हुता?"

वाद वाढला. समितीचे इतर सभासद आधी हसत होते; मग दोघे-तिघे बाजू घेऊ लागले. भाऊ कथा पुन्हा उघडायला खुर्चीकडे वळले. "थांब. हांव पळयता ती कशी गेली." सुमनबाय हात पाठीमागे बांधून उभी होती. त्या दिवशी खोलीचा विषय मतास टाकलाच गेला नाही. पुढच्या बैठकीत भाऊंनीच सुचवले, की व्हरांडा बंदिस्त करून जास्तीची कपाटे तेथे ठेवावीत.

सुमनबाय गेल्या श्रावणात गेली. दुखणे थोडक्याच दिवसांचे होते. यादी आता सावित्री सांभाळते. महिन्यातून एकदा ती प्रत्येक दुवा उघडून पाहते, कारण पडद्यावरचे पुस्तक वाळवीने नव्हे, पण दुर्लक्षाने मरते. हल्ली तिने मालवणीतील एक लहान कथा स्वतः रचली आहे, चार वाटांची. मी तिच्या दोनच वाटा वाचल्या आहेत. उरलेल्या मुद्दाम ठेवल्या आहेत.

समितीला लेखी उत्तर द्यायचे तेव्हापासून राहूनच गेले होते; ते आता देतो. तिच्या प्रश्नाला माझे उत्तर 'होय' असे आहे. पण ते उत्तर मी एकदा चुकीच्या रीतीने काढले होते, तेव्हा केवळ माझ्या शब्दावर विसंबू नये. अशी एखादी कथा उघडावी, एका वाटेने शेवटपर्यंत जावे, दुसऱ्या कोणाला तीच वाचायला द्यावी, आणि मग दोघांनी बोलून उत्तर स्वतः तपासून पाहावे, ही विनंती.