समाप्तीची प्रार्थना

पप्पांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा उजवा हात जाईल असं डॉक्टर म्हणाले होते. हात बराचसा परत आला. बोलणं मात्र गेलं, आणि असं विचित्र गेलं की मागे एकच शब्द राहिला: चहा. भूक लागली तरी चहा, पाठ खाजली तरी चहा, मम्मीवर चिडले तरी चहा. त्यांना समजतं सगळं, तोंडातून येतं तेवढंच. सुरुवातीला मम्मी खरंच कप घेऊन धावायची आणि ते कपाळावर हात मारून घ्यायचे.

दुसऱ्या कुणाचं बोलणं गेलं असतं तर चाललं असतं, हे मी देवाला तोंडावर सांगितलंय. आमच्या मंडळीत नुसती टकळी चालवणारे काय कमी आहेत? पप्पा म्हणजे घाटकोपरच्या आमच्या चर्चमधला प्रार्थनेचा माणूस. लग्न असो, मयत असो, कुणाच्या पोराची दहावी असो, बोलवा पप्पांना. पाठ केलेलं काही नसायचं. डोळे मिटायचे आणि समोर कुणी बसलंय असं बोलायचे, कधी भांडायचेसुद्धा. आता चर्चला चला म्हटलं की भिंतीकडे तोंड करून झोपायचे. जेवणाआधी आम्ही हात जोडले की ताटाकडे बघत राहायचे. शब्द नाहीत तर देवापुढे जायचं कसं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मला तर वाटायचं, देवच आमच्या घरातून उठून गेलाय, आणि त्याला हाक मारणारा एकच माणूस होता, तो हा असा.

म्हणून बुधवारची घरगुती प्रार्थनासभा मी आमच्याकडे मागून घेतली. पप्पा कोपऱ्यातल्या खुर्चीत येऊन बसले, हेच खूप झालं. गाणी झाली, बायबलमधलं वचन वाचून झालं, देवानं आपल्यासाठी काय केलं याची दोघातिघांनी साक्ष दिली. शेवटी आमच्या पाळकसाहेबांनी, इतक्या वर्षांची सवय, समाप्तीची प्रार्थना करायला पप्पांचंच नाव घेतलं.

वाट लागली. साहेबांनाही लगेच कळलं असणार, कान लाल झाले त्यांचे. पण तोवर सगळ्यांनी माना खाली घालून डोळे मिटले होते. आमच्यात एकदा कुणाला प्रार्थना दिली की मध्ये कुणी बोलत नाही. तो आमेन म्हणेपर्यंत डोळे मिटून थांबायचं. मी नाही मिटले. काय करू, उठू, गाणं सुरू करू, काहीच सुचेना. देवा, कर ना रे काहीतरी, एवढंच मनात.

पप्पांनी डोळे मिटले. "चहा," ते म्हणाले. मग पुन्हा, आणि पुन्हा. चाल तीच जुनी. आधी सावकाश, आभार मानतानाची. मग आजाऱ्यांसाठी विनवतानाची. मग आवाज चढला, भांडतानाचा. कुणीतरी मुसमुसत होतं. मग ते थांबले, दम लागला होता. आमेन त्यांना म्हणता येणार नाही, असं साहेबांना वाटलं असावं. त्यांनी हलकेच, मायेनं, स्वतःच म्हटलं, "आमेन." सगळी खोली आमेन म्हणाली. डोळे उघडले, पुस्तकं मिटली, कुणीतरी पंखा वाढवला.

पप्पांचं संपलं नव्हतं. मिटल्या डोळ्यांनी ते पुन्हा सुरू झाले. आता परत डोळे मिटायचे की काय, लोकांना कळेना. काहींनी मिटले, बाकीचे माझ्याकडे बघत राहिले. पप्पांना आमची गरजच नव्हती. ते बोलायचे, ऐकायला थांबायचे, मान हलवायचे, मग उत्तर द्यायचे. कुणीतरी समोर येऊन बसलं होतं, त्यांच्या चेहऱ्यावर ते साफ दिसत होतं. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून शेजारीच बसले होते, आणि त्या एका शब्दापलीकडे मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.