धुमेची थाप

सप्त्यात मला एका जागी बसवलंच नाही. आमच्या गावच्या सभामंडपात कीर्तनाला पखवाज वाजवतात ते माझे वडील, मला कळतं तेव्हापासून. यंदा पुढे बसणाऱ्या जाणत्यांची कुजबुज सुरू झाली, की म्हाताऱ्याचा डावा हात गेला, धुमेवरची, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडावरची, थाप ऐकूच येत नाही. काल्याच्या कीर्तनाला शिरड शहापूरचा वादक आणायचं घाटत होतं. वडिलांना याचा पत्ता नसावा, असं मला वाटलं. मला कळलं आणि माझं डोकंच फिरलं.

मी शहरात ध्वनिमुद्रणाचं काम करते. हेडफोन लावणाऱ्याला टाळ डावीकडे आणि वीणा उजवीकडे वाटावी, यावर माझं पोट चालतं. भर कीर्तनात मी मंडपभर फिरले. लोक वैतागून बघत होते, बघू देत. खांबाजवळ थाप छातीत बसत होती. जाणत्यांच्या सतरंजीवर ती गायब. मला हायसं वाटलं. दोष हाताचा नव्हताच, मंडपाच्या दोन बाजूंना लावलेल्या दोन स्पीकरचा होता.

पखवाजाच्या उजव्या बाजूचा आवाज उंच, त्याची लाट आखूड. कणीक लावलेली धूम खोल बोलते, म्हणून तिची लाट पंधरा फुटांची. जाणत्यांची जागा एका स्पीकरला दुसऱ्यापेक्षा सात-आठ फूट जवळ, म्हणजे अर्धी लाट. एकाचा आवाज हवा ढकलायचा तेव्हाच दुसऱ्याचा ओढायचा, आणि तिथं थाप मरायची. उजवी बाजू मात्र आखूड लाटेमुळे तरून जायची. दुपारी मांडववाल्याशी भांडून मी दोन्ही स्पीकर एकाच बाजूला, एकावर एक ठेवायला लावले.

संध्याकाळी थाप सगळीकडे पोचली. जाणत्यांच्या माना डोलल्या, मी मुद्दाम त्यांच्यासमोरून दोनदा गेले. मग लय चढली. दर दोन-चार आवर्तनांनी डावी थाप उशिरा पडू लागली, एकदा पडलीच नाही. माना थांबल्या. मी उठले, बसले, पुन्हा उठले. हे झाकणारं जे होतं ते मीच काढून टाकलं होतं.

कीर्तन संपल्यावर वडील धुमेची कणीक खरवडत होते. मी स्पीकरबद्दल काहीतरी बोलू लागले.

“स्पीकर बराबर हाय, बाई,” ते म्हणाले. “हात गेल्याचं मले कवापासून ठाव होतं. लोकाईले ऐकू येऊन न्हाई राहिलं, म्हणून वाजवून राहिलो होतो.”

मग त्यांनी मला जाणत्यांकडे पाठवलं, शिरडच्या वादकाला बोलवा म्हणून सांगायला.