बिनड्रायव्हरच्या गाडीची खंडेनवमी

चहा घ्या, बिस्किटंही घ्या, पण मला पुण्याचं काही विचारू नका. विचारलंतच ना? मग आता ऐका. लोक स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात. मी तर त्या धोंड्याला आधी हळदकुंकू वाहिलं आणि मग पाडून घेतला!

आम्ही झाशीचे मराठी. पूर्वज कधीकाळी इथे कारभाराला आले आणि इथलेच होऊन गेले. दतिया गेटजवळ घर. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि आमची लेक जुई घरातसुद्धा हिंदी. तिला मराठी सगळं कळतं हो! पण "जुई, पाणी आण गं" म्हटलं की उत्तर येतं, "ला रही हूँ, पापा." मला ते फार लागायचं. माझ्या बायकोला, वसुधाला, त्याहून जास्त. "हिच्या पोरांना तर कळणारही नाही," असं ती म्हणायची.

अशात संधी चालून आली. मी बबीना रस्त्यावरच्या एका कारखान्यात इंजिनिअर. पंपाचे, गिअरबॉक्सचे सुटे भाग बनवतो आम्ही. पूर्वी एका मशीनवर एकच भाग व्हायचा. दुसरा करायचा म्हटलं की सेटिंग बदलण्यात अख्खी पाळी जायची. मग मालकांनी फ्लेक्सिबल सिस्टीम घेतली. म्हणजे सगळ्या मशीनांवर एकच कॉम्प्युटर. सकाळी पंपाचं झाकण करा, दुपारी गिअरबॉक्सचं, तो सांगेल तसं मशीन आपली हत्यारं आपणच बदलतं. माणसाने नुसतं लक्ष ठेवायचं.

आणि माल इकडून तिकडे नेणारी एक बुटकी गाडी. ड्रायव्हर नाही! हिरव्या फरशीवर रंगवलेली पांढरी पट्टी बघत बघत ती चालते. पट्टीवर आडव्या रेघा आल्या की थांबते आणि पाठीवरचा माल समोरच्या टेबलावर ढकलून देते. नाकासमोर कुणी आलं तर जागीच उभी राहते, तेवढी अक्कल तिला दिलेली. ती अक्कल दिली कुणी? मी आणि माझा जोडीदार तिवारी, आम्ही दोघांनी. म्हणजे बघा, ही गाडी कशी चालते हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही!

तर मालकांना तशीच सिस्टीम पुण्याच्या कारखान्यात बसवायची होती. त्यासाठी झाशीचा एक माणूस कायमचा पुण्याला न्यायचा. मी किंवा तिवारी. निवड करायला तिथल्या प्रमुख लिमये मॅडम यायच्या होत्या, त्याही नेमक्या खंडेनवमीला.

वसुधाने ऐकलं मात्र, डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. "जुई मराठी शाळेत जाईल हो," एवढंच म्हणाली.

बास. माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. पुण्याची बाई येतेय. तिला वाटत असणार, झाशीत कसले मराठी उरलेत! दाखवूनच देऊ. खंडेनवमीला हत्यारांची पूजा आपल्यात होतेच. या वर्षी सिस्टीमची करू. झेंडूच्या माळा, नारळ, रांगोळी, पाहुण्यांच्या टेबलावर श्रीखंडाचं पातेलं, सगळं साग्रसंगीत.

तिवारी म्हणाला, "काए भाईसाहब, विश्वकर्मा पूजा तो हो गई. अब मशीनों को कित्ती बार पूजोगे?"

"तिवारी जी, वो आपकी थी. ये हमारी है."

"पूजो, पूजो. बस मैडम के सामने सिस्टम चलनी चाहिए."

बिचारा सरळ बोलला. मला वाटलं, जळतोय!

रांगोळीला वसुधाला घेऊन गेलो. हात काय आहे तिचा! पाहुण्यांच्या टेबलापासून निघाली ती थेट मशीनपर्यंत, दोन्हीकडे वेलबुट्टी आणि मधून पांढरी जाड रेघ. शेवटी थांबली आणि म्हणाली, "अहो, इथे आधीच एक पट्टी आहे. तिच्यापासून लांब ठेवू की जोडून टाकू?"

आणि मी, हो मीच, म्हणालो, "अगं जोडून टाक! कशी एकसंध दिसेल."

तिने जोडली. टेबलापाशी पाहुण्यांच्या पायांसमोर ठसठशीत स्वस्तिक काढलं. आडव्या रेघांचं.

मॅडम आल्या. सुती साडी, मोजकं बोलणं. मी नमस्कार करून म्हणालो, "या, या. आज आमची खंडेनवमी."

"आमचीही असते," त्या म्हणाल्या. "रांगोळी सुरेख. सिस्टीम दाखवा."

मी नारळ फोडला, गाडीला भलीमोठी माळ घातली, तिच्या पाठीवर पंपाचं लोखंडी झाकण ठेवलं आणि बटण दाबलं.

गाडी हलेना!

पुन्हा दाबलं. ढिम्म. तिवारी कानाशी आला. "भाईसाहब, माला आँख के आगे लटक रही है. गाड़ी समझ रही है सामने कोई खड़ा है. उतार दीजिए."

आता सांगा, पूजेची माळ, घातल्या घातल्या पाहुण्यांदेखत उतरवायची? आई असती तर तिथेच रागावली असती. मी म्हटलं, "माळ राहू दे." आणि पॅनेल उघडून समोरचं बघणारी ती आँखच बंद करून टाकली.

तिवारीचा चेहरा उतरला. "ये मत कीजिए, भाईसाहब."

"पाँच मिनट की तो बात है!"

गाडी निघाली. झोकात! माळ डोलतेय, मालक हसतायत, मी मॅडमना सांगतोय, "बघा, कुणाचा हात लागत नाही." गाडी पट्टीवरून फाट्यापर्यंत आली. डावीकडे मशीन, उजवीकडे वसुधाची ताजी, जाड, पांढरीशुभ्र रेघ.

गाडी उजवीकडे वळली.

"ही इकडे कुठे येतेय?" मॅडम.

"पाहुण्यांना मान द्यायला," मी म्हणालो. अहो, खरंच म्हणालो! गाडी भलतीकडे निघालेली, तरी शेखी काही सुटत नव्हती.

वेलबुट्टीच्या मधोमध, एक पान न मोडता, गाडी टेबलाकडे आली. समोर माणसं बसलेली, पण बघायची आँख तर मी बंद केलेली. तिवारी धावला, त्याने मॅडमची खुर्ची धरून मागे ओढली. मालकांनी आपले पाय वर घेतले. गाडीने स्वस्तिकाच्या आडव्या रेघा पाहिल्या, शहाण्यासारखी थांबली, आणि पाठीवरचं झाकण टेबलावर ढकललं.

श्रीखंडाच्या पातेल्यात!

टेबल गेलं, कप गेले, समोसे गेले. मॅडमचा लॅपटॉप श्रीखंडाखाली. कुणाला खरचटलंही नाही, ते तिवारीमुळे. तिवारीने लाल बटण दाबलं आणि सगळं शांत झालं.

मॅडमनी पदरावरचं श्रीखंड पुसलं. "गाडी उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "जे सांगितलं ते केलं तिने. समोरचं बघणं कोणी बंद केलं?"

"मी."

"का?"

"माळ काढायची नव्हती."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "अहो, माझ्या आईनेही काढली असती ती माळ," एवढंच म्हणाल्या.

तिवारी पुण्याला गेला. जायलाच हवं होतं, त्याची काही चूक नाही. स्टेशनवर पोचवायला गेलो तर मिठी मारून रडला.

वसुधा मला एका शब्दाने बोलली नाही. घरी येऊन रांगोळीचे डबे धुतले, पालथे घातले, आणि जुईचा गृहपाठ घ्यायला बसली. हिंदीचा. ती भांडली असती ना, तर आज मी हा किस्सा जरा जोरात हसून सांगितला असता. आपण मराठी आहोत हे एका मराठी बाईला पटवायला गेलो, आणि पोरीचं मराठी तिथेच सांडून आलो. अजून आठवलं की झोप लागत नाही.

त्यालाही आता काही वर्षं झाली. परवा दसऱ्याला फोन वाजला. जुईने उचलला, थोडं ऐकलं आणि रिसीव्हरवर हात ठेवून मला हाक मारली.

"पापा, पुणे से किसी का फ़ोन है. कोई मराठी अंकल हैं. इतनी फर्राटेदार मराठी बोल रहे हैं कि मेरे तो कुछ पल्ले ही नहीं पड़ रहा."

मी धडपडत उठलो. पुण्याचा मराठी माणूस, आणि आपल्याला फोन! मनात म्हटलं, लिमये मॅडमच्या ऑफिसातून असेल, अजून एक जागा निघाली असेल. घसा खाकरला, शक्य तितक्या शुद्ध आवाजात म्हणालो, "नमस्कार, बोला."

"दसऱ्याच्या हार्दिक शुभेच्छा, दादा! ओळखलंत का? अहो, मी तिवारी बोलतोय!"

आणि मी काय म्हणालो असेन?

"अरे तिवारी जी! कैसे हैं आप?"